जुन्या लाकडी फर्निचरसाठी लाख, तेल की पॉलियुरेथेन?

जुने कपाट किंवा टेबल घरीच नव्याने पॉलिश करायचे ठरले, की बहुतेक जण थेट पॉलिशपेपर हाती घेतात. पण त्याआधी लाकडावर मुळात कशाचा थर आहे हे ओळखणे आवश्यक असते. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा थोडा वेळ दाबून धरावा. थर मऊ पडून चिकट झाला आणि बोळ्याला तपकिरी रंग लागला, तर ते बहुधा लाखेचे पॉलिश असते. स्पिरिटने फारसे काही न होता थिनरने थर विरघळला, तर लॅकर (थिनरमध्ये विरघळणारे, झटपट वाळणारे पॉलिश) समजावे. दोन्हींना दाद न देणारा थर बहुतेकदा पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लॅस्टिकसारखा कडक होणाऱ्या वॉर्निशचा, किंवा त्याच जातीचा असतो.

थर लाखेचा निघाला, तर माझे मत निःशंकपणे लाखेच्याच बाजूने आहे. नवी लाख जुन्या थरात विरघळून त्याच्याशी एकजीव होते, त्यामुळे जुना थर शाबूत असेल तर तो खरवडून काढावा लागत नाही. लाकडाचा वर्षानुवर्षांत मुरलेला रंग टिकतो, आणि पुढे कुठे ओरखडा पडला तरी तेवढीच जागा दुरुस्त करता येते. एका लिटर स्पिरिटमध्ये 120 ते 240 ग्रॅम चपडा (पातळ पापुद्र्यांच्या रूपातली) लाख विरघळवून, सुती कापडात गुंडाळलेल्या बोळ्याने पातळ हात देत गेल्यास थर लवकर वाळतो. भिजवलेली लाख मात्र काही महिन्यांत जुनी होऊन नीट वाळेनाशी होते, म्हणून लागेल तेवढीच तयार करावी. गरम भांडे, साचलेले पाणी आणि मद्य या तिन्हींचे डाग लाखेवर पडतात, ही तिची खरी मर्यादा.

तेलाचे काम सर्वांत सोपे आहे. वाळवणारी द्रव्ये मिसळलेले जवसाचे तेल उघड्या लाकडाला चोळावे, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचे पुसून घ्यावे आणि दुसरा हात दुसऱ्या दिवशी द्यावा. लाकूड सुंदर दिसते, पण संरक्षण बेताचेच मिळते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकल्यास त्या आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या उघड्यावर पसरून पूर्ण वाळवाव्यात.

पॉलियुरेथेन पाण्याला आणि घासण्याला उत्तम टिकते, त्यामुळे रोजच्या जेवणाच्या टेबलाच्या फळीसाठी मी तेच सुचवेन. पण त्याच्या दोन हातांमध्ये पुष्कळ वाट पाहावी लागते, जुन्या मेणाच्या अंशावर ते नीट धरत नाही, आणि खराब झाल्यावर बहुधा सगळा पृष्ठभागच घासून पुन्हा करावा लागतो. मेणाची शंका असल्यास आधी पृष्ठभाग नीट पुसून घ्यावा आणि जिच्यातले मूळचे मेण काढून टाकलेले असते अशा (डीवॅक्स्ड) लाखेचा एक हात मध्ये द्यावा.

विनीर (साध्या लाकडावर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा) असलेल्या फर्निचरच्या बाबतीत मात्र निवड जवळजवळ झालेलीच असते. कडेला निरखून पाहिल्यास वरचा लाकडाचा पापुद्रा अनेकदा मिलिमीटरभरही जाड नसल्याचे दिसते. तो घासण्याच्या यंत्राने क्षणात फाटतो आणि खालचे लाकूड उघडे पडते. अशा वस्तूवर जुना थर घासून काढण्याचा विचार सोडून, स्वच्छता आणि लाखेचे एक-दोन हात यांवरच थांबावे. वस्तूवर पॉलिशऐवजी जुना रंग असेल, तर त्यात शिसे असण्याची शक्यता असते, त्यामुळे तपासून घेतल्याशिवाय तो कोरडा घासू नये.