कानाला फोन, वायर, ब्लूटूथ की स्पीकर?

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे रेंजची जेमतेम एक काडी असताना पुण्या-मुंबईतल्या मुलांशी तासभर बोलणारे आईवडील डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितेय: फोनच्या लहरींनी मेंदूला धोका आहे का, आणि फोनवर बोलावं तरी कसं? रेंज कमी असली की टॉवर गाठायला फोन जास्त ताकद लावतो. जुन्या २जी हँडसेटची ताकद २ वॅटपर्यंत जाते, ४जीची साधारण पाव वॅटपर्यंत.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, त्यामुळे रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन मेंदूत शिरत नाही; हीच मेंदूची संरक्षक भिंत. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या लीफ सालफोर्ड यांच्या गटानं २००३ साली उंदरांना २ तास जीएसएम (२जी मोबाइलच्या) लहरींत ठेवलं. ५० दिवसांनी मेंदूत अल्ब्युमिन झिरपलेलं आणि काही चेतापेशी खराब झालेल्या दिसल्या. मोबाइलमुळे ही भिंत गळते, अशी भीती पसरली ती तिथून. पण २००९ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी तसेच प्रयोग केले, तेव्हा गळती आढळली नाही. मला हा पुरावा जास्त भक्कम वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये मोबाइल लहरींना दिलेला ‘२बी’ (कदाचित कर्करोगकारक) शेरा कर्करोगापुरता आहे, या भिंतीबद्दल तो काही सांगत नाही.

म्हणजे घाबरू नका. तरी रोज तासभर बोलणं असेल तर फोन डोक्यापासून लांब ठेवायला काहीच खर्च येत नाही.

कानाला लावलेला फोन सर्वात जवळचा. फोनच्या लहरींची शरीरात किती ऊर्जा शोषली जाते त्या आकड्याला एसएआर म्हणतात; भारतात त्याची मर्यादा किलोला १.६ वॅट आहे. *#०७# दाबलं की तुमच्या फोनचा हा आकडा दिसतो. वायरचा इअरफोन लावून फोन टेबलावर ठेवला की डोक्यापर्यंत फारच थोडं पोचतं. खानापूरच्या खेड्यांत मी हाच सुचवेन, कारण तो स्वस्त असतो आणि वीज गेली तरी अडत नाही. ब्लूटूथचं साधन कानातच असतं खरं, पण त्याची ताकद काही मिलिवॅटच. दोन्ही हात कामात असतील तर तेच बरं. ऐकू कमी येणाऱ्या आजी-आजोबांना स्पीकर सोयीचा, फक्त मग घरातलं बोलणं शेजारीही ऐकतात.

घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग सुरू करा, म्हणजे फोनला लांबच्या टॉवरशी झगडावं लागत नाही. बेळगावात टिळकवाडीला पूर्ण रेंज असताना दोन मिनिटांचा कॉल खुशाल कानाला लावून घ्या.

रेडिएशन अडवणारं म्हणून विकलं जाणारं स्टिकर मात्र घेऊ नका. त्यानं खरंच लहरी अडवल्या, तर फोन उलट ताकद वाढवेल.