आळशी डोळ्यासाठी चष्मा आणि पट्टी: आठ महिन्यांचा अनुभव

लेक साडेपाच वर्षांची. बालवाडीतल्या तपासणीत दोन्ही डोळे उघडे ठेवूनच तक्ता वाचून घेतला होता, म्हणून 'नजर उत्तम' असा शेरा मिळाला. मला अजून त्याचा राग येतो. दिवाळीत आकाशकंदील बघताना तिनं खेळता खेळता डावा डोळा झाकला आणि विचारलं, "आई, झिरमिळ्या कुठं गेल्या गं?"

त्याच आठवड्यात सांगलीहून मिरजेला डॉक्टरांकडे गेलो. बाहुली मोठी करणारं औषध घालून तपासलं. उजव्या डोळ्याला +5 नंबर, डाव्याला फक्त +1. उजव्यानं 6/36 ची ओळ कशीबशी वाचली (चांगली नजर म्हणजे 6/6; खालचा आकडा जितका मोठा, तितकं कमी दिसतं). डोळा तिरळा नाही, चालताना अडखळणं नाही. चांगला डोळा सगळं निभावून नेत होता. उजव्याकडून येणारं धूसर चित्र मेंदूनं घ्यायचंच सोडलं होतं. यालाच आळशी डोळा म्हणतात. त्यामुळे चष्मा लावला की लगेच स्वच्छ दिसेल, असं होत नाही.

पहिले दहा आठवडे नुसता चष्मा. तेवढ्यावर 6/24 झालं. मग चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी, म्हणजे उजव्याला काम करावंच लागतं.

चष्म्यावर चढवायची कापडी पट्टी घेऊ नका. नाकाच्या बाजूनं ती बघत होती, ते कळेपर्यंत आमचे दोन आठवडे वाया गेले. कातडीला चिकटणारी घ्या आणि वरून चष्मा. काढताना कडेनं खोबरेल लावून हळू सोडवायची, नाहीतर गाल लाल होतो.

त्या दोन तासांत सासूबाई तिला तांदूळ निवडायला बसवत. पहिल्या दिवशी खडे ताटातच राहिले, तांदूळ बाहेर. पोर रडली. "कशाला छळतेस तिला?" म्हणत सासूबाईंनीच पट्टी काढली. पुढच्या खेपेला त्यांना डॉक्टरांकडे सोबत नेलं. त्यानंतर घड्याळ त्याच सांभाळतात.

पट्टी अजिबात ठेवत नसेल तर चांगल्या डोळ्यात त्याला तात्पुरतं धूसर दिसावं म्हणून अ‍ॅट्रोपिन या औषधाचे थेंब हा दुसरा मार्ग आहे, पण डॉक्टरांनी सांगितलं तरच. सात वर्षांच्या आत गुण लवकर येतो. मोठ्या मुलांनाही फायदा होतो, तेव्हा वय गेलं म्हणून सोडू नका.

आता 6/9 आहे. एकदम बंद केलं तर नजर पुन्हा उतरू शकते, म्हणून पट्टी एक तासावर आणली आहे. गेल्या आठवड्यात स्टँडवर तिनं स्वतःहून डावा डोळा तळहातानं झाकला आणि समोरच्या गाडीची पाटी वाचली: "मि... र... ज."