कांद्यावरून डिप्लोमसी कळली! (४ स्टार, एक माईकचा कापला)

शनिवारी आपल्या नाशकातल्या एका विद्यापीठात पब्लिक डिप्लोमसीवर गेस्ट लेक्चर होतं, सगळ्यांना फ्री एन्ट्री, म्हणून भाच्याला घेऊन गेलो. मला वाटलं झोप येणार, पण मॅडमनी सुरुवातच कांद्यापासून केली ना राव! सप्टेंबर २०१९ मध्ये आपण निर्यात बंद केली आणि पुढच्याच महिन्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन हसत हसत म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगितलंय. म्हणजे लासलगावचा भाव आणि ढाक्यातलं आपल्याबद्दलचं मत एकाच पिशवीत, हे कोणी असं सांगितलंच नव्हतं.

पब्लिक डिप्लोमसी म्हणजे सरकारशी नाही तर थेट दुसऱ्या देशातल्या लोकांशी बोलणं, हा शब्द आजच्या अर्थाने १९६५ मध्ये एडमंड गलियन या अमेरिकी मुत्सद्द्याने रूढ केला, आपल्याकडे आयसीसीआर (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद) तर त्याच्याही आधी, १९५० पासून आहे, मौलाना आझादांनी सुरू केलेली. योग दिन वगैरे पटकन उरकलं, ते बरंच झालं.

आता तक्रार. माईक दर दोन मिनिटांनी कुईं करायचा, स्वागत-सत्कार-शाल-नारळ यात पाऊण तास गेला आणि प्रश्नोत्तरांना जेमतेम दहा मिनिटं. पिंपळगावहून आलेल्या एका काकांनी विचारलं, "बंदीने तिकडचं गिऱ्हाईक तुटतं, ते परत कोण जोडणार?" मॅडम बोलायला लागल्या तोवर आभारप्रदर्शन सुरू!

चहा मात्र आलं घातलेला, कडक. पुढच्या लेक्चरला जाणार, पुढच्या रांगेत बसा, मागे काही ऐकू येत नाही.