‘रन कीवर्ड इफ’ की सरळ ‘इफ’?

इंदूरला आमच्या टेस्टिंग टीममध्ये रोबोट फ्रेमवर्क या सॉफ्टवेअरच्या चाचण्या आपोआप चालवणाऱ्या साधनात अट कशी लिहायची, हा वाद पोह्यांसोबत अधूनमधून रंगतो. जुन्या मंडळींचा हात ‘रन कीवर्ड इफ’वर, म्हणजे अट खरी असेल तर पायरी चालवणाऱ्या आज्ञेवर, बसलेला. पॉप-अप दिसला तर बंद कर, एवढंच असेल तर तेही चालतं. पण व्हेरिएबल (किंमत साठवायची जागा) भरायला ते वापरलं, अट खोटी निघाली आणि ‘एल्स’ (नाहीतर काय करायचं ते) दिलेलं नसेल, तर आधीची किंमत पुसून तिथे गुपचूप ‘नन’ (None, म्हणजे काहीच नाही) येऊन बसतं. टेस्ट मग खाली भलत्याच ओळीवर फेल होते, शोधत बसा! २०२१च्या ४.० आवृत्तीत आलेल्या ‘इफ’ ब्लॉकमध्ये जुनी किंमत शाबूत राहते, आत हव्या तेवढ्या पायऱ्या लिहिता येतात. शेवटी ‘एंड’ लिहायचा जाच आहे खरा. तरी माझं मत ब्लॉकलाच. लॉगमध्ये अटीची कुठली फांदी चालली तेही लगेच दिसतं.