ई-एससीआर : फौजदारी अपिलाच्या कामासाठी पारखलेली मोफत सेवा

शिक्षेविरुद्धच्या अपिलात ‘कलमातले शब्दच संदिग्ध आहेत’ असा मुद्दा घ्यायचा असेल, तर निवाड्याचा गोषवारा हाताशी असून भागत नाही. मूळ निवाडा शब्दशः समोर लागतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ‘ई-एससीआर’ (‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’ या अहवालमालेची ऑनलाइन आवृत्ती) ही सेवा सुरू केल्यापासून त्या न्यायालयाच्या अधिकृत अहवालांतील निवाडे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि मी तिचे मोल याच एका कसोटीवर करतो.

उदाहरणासाठी १९५४ सालचा ‘तोलाराम रेलूमल विरुद्ध मुंबई राज्य’ हा निवाडा घ्यावा. मुंबईत बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील ब्लॉकसाठी २,४०० रुपये पागडी घेतल्याबद्दल १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १८(१) खाली शिक्षा झाली होती. कलमात भाडेपट्टा ‘देण्याच्या संबंधात’ (‘इन रिस्पेक्ट ऑफ’) अधिमूल्य, म्हणजे पागडीसारखी जादा रक्कम, घेणे हा गुन्हा होता. पण येथे भाडेपट्टा अस्तित्वातच आला नव्हता, झाला होता तो पुढे भाडेपट्टा देण्याचा नुसता करार. उच्च न्यायालयाने ते शब्द व्यापक अर्थाने घेतले. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि सांगितले, की दंडविधायक तरतुदीचे दोन वाजवी अर्थ निघत असतील, तर आरोपीला शिक्षेतून वगळणारा अर्थ स्वीकारावा. विधिमंडळाचा हेतू साधण्यासाठी न्यायालयाने शब्द ताणू नयेत. शीर्षटिपेत, म्हणजे निवाड्याच्या माथ्यावरील सारांशात, हे तत्त्व चार ओळींत मिळते, पण दोन्ही अर्थ ‘वाजवी’ कसे ठरले हे मूळ परिच्छेद वाचल्याशिवाय कळत नाही, आणि सरकारी वकील नेमके तेथेच अडवतात.

पक्षकाराचे नाव, न्यायमूर्ती, वर्ष किंवा खंड यांवरून शोध घेता येतो, आणि मिळालेल्या यादीतच पुन्हा शोधता येते. मर्यादा एवढीच, की येथे केवळ सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी पुणे-मुंबई खास गाडी भोर घाटातील रिव्हर्सिंग स्टेशनवर (गाडीची दिशा उलटवण्याच्या थांब्यावर) थांबली असताना डब्यात जुगार खेळणाऱ्यांची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली होती, कारण जुगारबंदीच्या कायद्यात ‘रस्ता’ आणि ‘रहदारीचा मार्ग’ यांच्या पंगतीला बसलेल्या ‘जागा’ या शब्दात तो डबा बसत नव्हता. असा झकास निवाडा हवा असेल, तर तो दुसरीकडे शोधावा लागतो.

निवडक निवाड्यांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. ही सोय स्वागतार्ह असली, तरी आपल्या विषयात ती जपून वापरावी. ‘इन रिस्पेक्ट ऑफ’ या शब्दांचे ‘भाडेपट्ट्यासंबंधी’ केले तर उच्च न्यायालयाचा व्यापक अर्थ डोकावतो, ‘भाडेपट्टा दिल्यापोटी’ केले तर आरोपीचा. म्हणजे ज्या संदिग्धतेवर सगळे अपील उभे आहे, तिचा निकाल अनुवादकच लावून टाकतो. शिवाय अधिकृत पाठ इंग्रजीच धरला जातो. म्हणून अपिलाच्या मेमोसोबत (अपिलाच्या अर्जासोबत) मी इंग्रजी प्रत लावतो, आणि मराठी प्रत असेल तर ती अशिलाला घरी वाचायला देतो.