नव्या खोक्यातली शिळी काडतुसं

मोंटानासारख्या ग्रिझली अस्वलांच्या मुलखात राहून शिकारीचा नाद लागलेले मराठी लोक मूठभरच असतील. त्यांनी गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-बाजारात, काडतुसं घेण्याआधी हे वाचावं.

अस्वलापासून बचावासाठी माझं पिस्तूल दहा मिलिमीटरचं ग्लॉक. ताकदीला चव्वेचाळीस मॅग्नमचं रिव्हॉल्वर सरस, यात वाद नाही. पण त्याचा धक्का असा की दुसरा नेम धरेपर्यंत अस्वल अंगावर, आणि गोळ्या बहुधा सहाच. ग्लॉकमध्ये पंधरा मावतात.

दहा मिलिमीटर या कॅलिबरची, म्हणजे काडतुसाच्या मापाची, एक भानगड आहे, आणि ठकसेनांचं तिच्यावरच फावतं. १९८० च्या दशकात ते आलं तेव्हा जबर होतं. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयचे एजंट मारले गेले, त्या गोळीबारानंतर एफबीआयने ते घेतलं, पण धक्का आवरण्यासाठी कमी जोराचं. त्यातूनच १९९० मध्ये चाळीस एस अँड डब्ल्यू हे वेगळं काडतूस निघालं. आज दहा मिलिमीटर या एकाच नावाखाली जबर आणि मवाळ, दोन्ही माल विकला जातो.

गन शोमधल्या टेबलावर काडतुसं विकणारा माणूस मोठा गोड. आधी माझं पिस्तूल कुठलं ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "हार्ड कास्ट, २०० ग्रेन, सेकंदाला १२५० फूट. अस्वलाला हीच आणि हरणालाही हीच!" ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप. खोकं नामांकित कंपनीचं, टेप लावलेलं. वीस काडतुसांचे पन्नास डॉलर, रोख. पावती नाही.

हरणाची गोष्ट तर धडधडीत थाप होती. हार्ड कास्ट म्हणजे कडक शिशाची ओतीव गोळी; ती आदळल्यावर फुलत, म्हणजे पसरत, नाही; तिचं काम हाड फोडून खोल जाणं. हरणाला फुलणारी गोळी लागते, काही राज्यांत तसा नियमच आहे. शिवाय ग्लॉकच्या जुन्या पिढ्यांच्या नळीत उघड्या शिशाची, म्हणजे वर धातूचं आवरण नसलेली, गोळी वापरू नका, असं कंपनीच सांगते: शिसं साचतं, दाब वाढतो. माझं पिस्तूल जुन्या पिढीतलं आहे, हे त्याला ठाऊक होतं. नळी मी आधीच बदललेली होती, ते मात्र त्याला माहीत नव्हतं.

नेमबाजीच्या रेंजवर गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावला. वेग ९०० फुटांच्या आसपास, तोही दर गोळीला वेगळा. म्हणजे माऱ्याची ताकद ६९० फूट-पौंडांच्या जागी जेमतेम ३६०! अधूनमधून स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भागही पुरता मागे जाईना. मग उरलेली काडतुसं उलटी करून पाहिली: बुडावर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे ठसे, कडांना एक्स्ट्रॅक्टरचे, म्हणजे उडालेलं काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याचे, जुने ओरखडे. म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरून तो माल रिकाम्या खोक्यात घालून विकला होता. अनोळखी हाताने भरलेलं काडतूस मवाळ निघालं तर नशीबच म्हणायचं. भरताना बंदुकीची दारू दुप्पट पडली तर पिस्तूल हातात फुटतं. अजिबात पडली नाही तर गोळी नळीत अडकते आणि पुढची तिच्यावर आदळते.

आयोजकांनी हात झटकले. पावती नसल्यामुळे पुढे काही झालं नाही.

तेव्हा खोकं तिथेच उघडायला लावा, ठसे आणि ओरखडे बघा, पावती मागा. एच-१बी व्हिसावर असाल तर आणखी एक: वैध शिकार परवाना किंवा कायद्यातली तशीच दुसरी सूट नसेल, तर बंदूकच काय, काडतूस बाळगणंही केंद्रीय गुन्हा आहे, आणि टेबलावरचा माणूस व्हिसा विचारत नाही. मी आता दुकानातूनच घेतो, आणि प्रत्येक नवा लॉट क्रोनोग्राफवर तपासल्याशिवाय डोंगरात नेत नाही. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, घेतानाही ईपीए या अमेरिकी पर्यावरण संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि मुदत पाहतो. त्या टेबलावर स्प्रेचे डबेही होते.