झाकणाखालची पांढरी कड: तयार ॲक्रिलामाइड द्रावणाची बाटली, तीन वर्षं वापरून

बाटली चांगली आहे, घ्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तिच्या झाकणाबद्दल मी बरीच कुरकुर करणार आहे.

वस्तू म्हणजे ३० टक्के ॲक्रिलामाइड-बिसचं तयार द्रावण (बिस म्हणजे ॲक्रिलामाइडच्या साखळ्या एकमेकींना बांधणारं जोडरसायन), २९:१ प्रमाणाचं, ५०० मिलीच्या तपकिरी बाटलीत. प्रोटीनची जेल, म्हणजे प्रोटीन आकारानुसार वेगळी करायची जेलीसारखी वडी, ओतणाऱ्या जवळपास प्रत्येक लॅबच्या फ्रिजमध्ये ही असते. विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ आणि आतला माल साधारण सारखाच, म्हणून नाव लिहीत नाही. मी लॅब टेक्निशियन आहे. ही बाटली येण्याआधी अकरा वर्षं हेच द्रावण मी पावडर तोलून घरचं लोणचं घालावं तसं स्वतः घालत होते. त्यामुळे तुलना करायचा हक्क मला आहे असं समजते.

ज्यांनी पावडर तोललेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ॲक्रिलामाइड दिसायला अगदी गरीब: पांढरं, स्फटिकांचं, वास नाही. २९ ग्रॅम ते, १ ग्रॅम बिस, पाण्यात विरघळवून १०० मिली करायचं. विरघळताना बीकर हाताला गार लागतो, एवढीच काय ती गंमत. पण ही पावडर सरळ पडत नाही. स्थिर विजेने ती स्पॅच्युलाला, ग्लोव्ह्जच्या बोटांना, बॅलन्सच्या काचेला चिकटते. फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी हवा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, तोलायला जावं तर वाऱ्याने बॅलन्सचा आकडा ठरत नाही. मग लोक काय करतात? ब्लोअर बंद करतात, नाहीतर बॅलन्स बाहेर काढून ठेवतात. मीही केलंय. मास्क लावून, वर श्वास रोखून. जणू श्वास रोखला की ते कातडीतून आत शिरायचं थांबणार होतं.

कातडीतून शिरणं हीच याची खरी खोड. जखम लागत नाही, आग होईलच असं नाही, बरेचदा कळतही नाही. आत गेल्यावर ते मज्जातंतूंवर काम करतं, आणि सगळ्यात लांब तंतू आधी पकडतं. म्हणून मुंग्या सुरू होतात त्या पायाच्या आणि हाताच्या बोटांत. तळवे घामेजतात, सोलवटतात. प्रकरण वाढलं की चाल अडखळते. शिवाय थोडं थोडं मिळून साठत जाणारा हा त्रास आहे. आज एक थेंब, उद्या चिमूटभर धूळ, असा हिशेब शरीर जोडत राहतं. कर्करोगाचं म्हणाल तर आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये याला २ए गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची बरीच शक्यता असलेलं रसायन. शरीरात त्याचं ग्लायसिडामाइड होतं आणि ते डीएनएला जाऊन चिकटतं.

हे सगळं मला पहिल्या दिवसापासून पाठ होतं. तरीही एका वर्षी लागोपाठ मोठे बॅच करायचे होते, आणि दोन महिन्यांनी माझ्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं सोलायला लागली. त्वचेच्या डॉक्टरांनी साबण बदलायला सांगितला. मी साबणही बदलला आणि तोलण्याचं कामही थांबवलं, त्यामुळे बरं कशाने वाटलं हे आजही मला सांगता येणार नाही. पण त्या काळात एकदा ओला टिश्यू पेपर बॅलन्सभोवतीच्या टेबलावरून फिरवला, तर तो खरखरीत निघाला. मीठ सांडल्यासारखा. त्याच टेबलावर कोपर टेकून आम्ही सगळे वह्या लिहायचो.

पुढच्याच महिन्यात तयार बाटली मागवली.

पहिला अनुभव म्हणजे निव्वळ सुटका. १२ टक्क्यांची १० मिली जेल करायची तर ४ मिली घ्या, पाणी ३.३, बफर २.५, एसडीएस (साबणासारखं रसायन) आणि एपीएस प्रत्येकी ०.१ मिली, शेवटी ४ मायक्रोलीटर टेमेड, झालं. एपीएस आणि टेमेड मिळून जेल जमवतात. तोलणं नाही, गाळणं नाही, पीएच बघणं नाही. जेलही एकसारखी येते. माझ्या हातच्या द्रावणाने कधी जेलमधल्या प्रोटीनच्या पट्ट्या वाकड्या यायच्या, कधी जेल जमायला तास लागायचा. तयार द्रावणाने तो लहरीपणा संपला. पावडरपेक्षा महाग पडतं, पण त्यात माझ्या वेळेचा हिशेब कुणी धरत नाही.

आता झाकण.

चौथ्या की पाचव्या आठवड्यात बाटली उघडताना आट्यांमध्ये पांढरी कड दिसली. साखरेच्या पाकाच्या बाटलीला धरते तशी. मी हातातलं काम थांबवून ती बघत राहिले. ओतताना तोंडावरून ओघळलेला थेंब आट्यांत उतरतो, पाणी उडून जातं, उरतं ते कोरडं ॲक्रिलामाइड. म्हणजे जी पावडर टाळायला जास्त पैसे मोजले, तीच पावडर बाटलीने आपल्याला झाकणाखाली बनवून दिली. झाकण फिरवलं की ती भुरभुरते, तीही बोटांच्या अगदी जवळ.

थोडं आकड्यांत सांगते. एक थेंब साधारण ५० मायक्रोलीटर धरला तर त्यात १५ मिलिग्रॅमच्या आसपास ॲक्रिलामाइड असतं. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने कामाच्या जागी हवेतली मर्यादा सुचवली आहे ती घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. वाळलेला थेंब काही सगळाच्या सगळा हवेत उडत नाही, हे मान्य. पण एकच मिलिग्रॅम उडाला, तर तीसेक घनमीटरच्या छोट्या खोलीची हवा त्या मर्यादेला जाऊन टेकते. एका थेंबात असे पंधरा.

द्रावण बनवणाऱ्यांना ओतण्याच्या तोंडावर प्लास्टिकची साधी चकती बसवता येऊ नये? तेलाच्या बाटलीला असते की. मी वापरलेल्या तीन वेगवेगळ्या बाटल्यांपैकी एकीलाच थेंब अडवणारी कडा होती, आणि तिचं लेबल दोन महिन्यांत पुसट झालं. सगळं एकाच ठिकाणी मिळेल तर ती प्रयोगशाळा कसली.

माझा उपाय असा: मोठ्या बाटलीतून ओतायचंच नाही. बाटली आली की फ्यूम हूडमध्ये ५० मिलीच्या ट्यूबमध्ये वाटून घ्यायची, प्रत्येकीवर नाव, टक्केवारी, तारीख आणि धोक्याची खूण. रोज एकच ट्यूब बाहेर काढायची आणि पिपेटनेच घ्यायचं. प्रत्येक वेळी तोंड ओल्या टिश्यूने पुसायचं, तो टिश्यू विषारी कचऱ्याच्या पिशवीत. बाटलीखाली ट्रे. कड दिसलीच तर कोरड्या कागदाने खरवडायची नाही, ओल्यानेच टिपायची. बाहेरून येणारे विद्यार्थी या शिस्तीला हसतात. हसोत.

ग्लोव्ह्जविषयी एक गैरसमज माझाही होता. पातळ नायट्राइल ग्लोव्ह घातला की आपण वाचलो, असं वाटतं. तो ग्लोव्ह शिंतोड्यापुरता आहे. थेंब पडला की लगेच काढायचा, हात साबणाने धुवायचा, नवा घालायचा. अर्धा तास तोच ओला ग्लोव्ह घालून फोन, दाराची कडी, पेन हाताळणारे लोक पावडरच्या काळात होते तसेच आजही आहेत. उलट द्रावण आल्यापासून ते जास्त बेफिकीर झालेत. ‘ताई, आता पावडर कुठंय?’ असं मला तोंडावर विचारतात.

आणि भीती कशाची बाळगतात, तर टेमेडची! सडक्या मासळीसारखा वास येतो म्हणून ती कुपी हूडमध्येच उघडतात, नाक मुरडतात. तेही ज्वलनशील आणि दाहक आहे, हूडमध्येच उघडावं. पण ज्याला वास नाही त्याची बाटली मात्र लॅपटॉपशेजारी.

जमलेली जेल निरुपद्रवी, हेही अर्धंच खरं. पॉलिमर झालेलं, म्हणजे साखळ्यांत गुंफून जमलेलं ॲक्रिलामाइड मज्जातंतूंना त्रास देत नाही, पण जमताना सगळंच जमत नाही. ऑक्सिजन ती क्रिया अडवतो, म्हणून तर जेलवर आयसोप्रोपॅनॉल किंवा पाण्याचा थर देतो. कोंब, म्हणजे जेलमध्ये खळगे पाडणारी कंगव्यासारखी पट्टी, काढल्यावर खळग्यांतून जो पातळ द्रव निघतो, त्यात न जमलेलं मोनोमर, म्हणजे सुटं ॲक्रिलामाइड असतं. तेव्हा कोंब काढताना, काचा धुताना ग्लोव्ह्ज पाहिजेतच.

टिकाऊपणा ठीक आहे. २ ते ८ अंशांत, अंधारात ठेवलं तर लेबलावरच्या तारखेपर्यंत तक्रार आली नाही. उजेडात राहिलं तर हळूहळू ॲक्रिलिक ॲसिड आणि अमोनिया तयार होतात आणि जेल बिघडते. आमच्याकडे एक बाटली आठवडाभर खिडकीशी राहिली, तिच्या जेलमध्ये पट्ट्या फराटे ओढल्यासारख्या आल्या. दोष कंपनीचा नव्हता.

उरलेल्या मालाचं काय करावं, याबद्दल सोबतच्या कागदात दोन ओळी आहेत आणि मला त्या अपुऱ्या वाटतात. सिंकमध्ये ओतायचं नाही, हे तरी ठळक लिहायला हवं होतं. १९९७ मध्ये स्वीडनच्या हालांडसॉस बोगद्यात गळती बुजवायला ॲक्रिलामाइड असलेला मसाला वापरला. तो नीट जमला नाही, पाण्यात उतरला, खालच्या शिवारातल्या गायींचे पाय लुळे पडले, ओढ्यातले मासे मेले, कामगारांच्या हातापायांना मुंग्या आल्या. जमेल असं धरून चालणं किती महागात पडतं ते तिथे दिसलं.

मग उरलेलं जमवूनच टाकू, हा दुसरा हुशारीचा मार्ग. तोही आमच्याकडे एकाने करून पाहिला. तारीख उलटलेली पाव बाटली, पाणी न घालता त्यातच एपीएस आणि टेमेड. ही क्रिया उष्णता सोडते. १० मिलीच्या पातळ जेलमध्ये ती कळत नाही, पण ३० टक्क्यांच्या मालात गणित केलं तर तापमान ऐंशीएक अंशांनी वाढू शकतं. द्रावण खदखदलं, तोंडातून वाफ आली, हूडची काच खाली होती म्हणून निभावलं. तेव्हापासून जमवायचं ते पातळ करून, थोडं थोडं, हूडमध्ये. बाकीचं बंद बाटलीत, नाव लिहून, घातक कचरा नेणाऱ्यांकडे.

कोणी घेऊ नये? महिन्याला एखादीच जेल ओतणाऱ्यांनी. त्यांची अर्धी बाटली तारीख उलटून पडून राहील. त्यांना तयार ओतलेल्या जेल बऱ्या, त्यात द्रव हाताळायची वेळच येत नाही. आणि कमी बिस लागणाऱ्यांनी ३७.५:१ ची वेगळी बाटली बघावी. १९:१ हे डीएनएच्या कामाचं प्रमाण आहे. नजरचुकीने १९:१ ची बाटली मागवून आम्ही एकदा प्रोटीनची ठिसूळ जेल हातात घेऊन बसलो होतो.

पाचपैकी चार. एक गुण तोंडाच्या कडेचा कापला.

जुन्या पावडरीची अर्धी बरणी अजून विषारी कपाटात कुलपात आहे. न्यायला येणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव दोनदा चढलं आणि दोनदा राहिलं. गेल्या आठवड्यात नव्या मुलाने विचारलं, ‘ताई, वाया कशाला घालवायची? आधी ही संपवू या का?’ मी कुलपाची किल्ली माझ्या खिशात ठेवली आहे.